टाकी दिल्लीची, वीजबिल आपलं

पोरी,

मुख्याधिकारी म्हणून पहिली नेमणूक आणि तीही 'ब' वर्ग नगरपरिषदेत. चाळीस हजारांच्या वर आणि लाखाच्या आत वस्ती असलेलं गाव चालवणं सगळ्यात अवघड, असं माझं मत आहे. महापालिकेसारखं स्वतःचं उत्पन्न नाही, आणि नगरपंचायतीसारखं 'आमच्याकडे माणसंच नाहीत' म्हणून सुटताही येत नाही. महिनाभरात तुझ्या टेबलावर केंद्राच्या योजनांच्या फायली येऊन पडतील. नगराध्यक्ष म्हणतील, मॅडम, दिल्लीचा पैसा आहे, सोडायचा नाही. सोडू नकोसच. पण घ्यायचा कसा, ते आधी ऐक. मी इंजिनिअर नव्हे, आयुष्य लेखाशाखेत गेलं. त्यामुळे या पत्रात पाइपचा व्यास मिळणार नाही, पैशाची वाट मिळेल.

पहिली गोष्ट ही वाटच. दिल्लीचा पैसा थेट नगरपरिषदेत येतो असं भाषणात म्हणतात, तसा तो येत नाही. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत जागा दिली, ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि बाराव्या अनुसूचीत १८ कामं लिहून दिली. पैशाचं मात्र राज्याच्या हातातच राहिलं. कलम २८० मध्ये जी भर पडली तिचा अर्थ असा, की केंद्रीय वित्त आयोगाने राज्याच्या एकत्रित निधीत भर घालण्याचे उपाय सुचवायचे, म्हणजे राज्य नगरपालिकांना मदत करू शकेल. रांगेत आपण तिसरे. दिल्लीतून निघालेला पैसा मंत्रालयात थांबतो, तिथून नगरपरिषद प्रशासन संचालनालयाकडे येतो, मग आपल्याकडे. कुठे थांबलाय ते शोधायचं असेल तर दिल्लीच्या बातम्या वाचून उपयोग नाही. शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख शोधायची. माझ्याकडे एक साधी वही असे: डावीकडे शासन निर्णयाची तारीख, उजवीकडे बँकेत रक्कम जमा झाल्याची तारीख. पंधराव्या वित्त आयोगाची अटच होती, की केंद्राकडून रक्कम आली की राज्याने ती १० कामकाजाच्या दिवसांत स्थानिक संस्थांना द्यायची, नाहीतर व्याजासकट द्यायची. हे व्याज मागायला कुणी जात नाही. पण वही असली की वरच्या कार्यालयाशी बोलताना आवाज वेगळा येतो.

दिल्लीच्या पैशाचे दोन प्रवाह आहेत, ते डोक्यातही वेगळे ठेव आणि कॅशबुकातही. एक वित्त आयोगाचं अनुदान आणि दुसरा योजनांचा, म्हणजे अमृत, स्वच्छ भारत, अशा अभियानांचा पैसा. वित्त आयोगाचं अनुदान हक्काच्या जवळपास जातं, योजनेचा पैसा मागावा लागतो.

पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशभरातल्या नागरी संस्थांना १,२१,०५५ कोटी रुपये ठेवले होते. दहा लाखांखालच्या गावांसाठी वाटणी ४०, ३०, ३० अशी होती. ४० टक्के अबंधित, ३० टक्के पाण्यासाठी, ३० टक्के स्वच्छतेसाठी. सोळाव्या आयोगाचा काळ १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्याच्या अटी तू स्वतः मूळ कागदावरून वाच, कुणी सांगितलेल्या सारांशावरून नको. पण 'अबंधित' म्हटलं की काय होतं ते माझ्याकडून ऐकून ठेव. सभेत कुणीतरी उठतं आणि म्हणतं, अबंधित आहे ना, मग रोजंदारीवाल्यांचे पगार यातून भागवा. पगार आणि आस्थापना खर्च अबंधितमधूनही करायचा नाही, असं पंधराव्या आयोगाने स्पष्ट लिहिलं होतं. अबंधित म्हणजे कामाची निवड आपली, एवढंच. यावर वाद घालत बसू नकोस. मार्गदर्शक सूचनांचं ते पान प्रिंट काढून विषयपत्रिकेलाच जोडून टाक.

पंधराव्या आयोगाच्या अटी दोनच होत्या, पण दाताखाली येणाऱ्या. हिशेब वेळेवर प्रसिद्ध करायचे: मागच्या वर्षाचे तात्पुरते आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित. आणि मालमत्ता कराचे किमान दर ठरवून वसुली राज्याच्या सकल उत्पन्नवाढीच्या बरोबरीने वाढवायची. म्हणजे दिल्लीचं अनुदान हवं असेल तर आपल्या गल्लीतली घरपट्टी वसूल करा, असा त्याचा सरळ अर्थ. हा अर्थ नगरसेवकांना मार्चमध्ये सांगितला तर ते रागावतात. म्हणून जूनमध्ये सांग.

आणखी एक. पंधराव्या आयोगाच्या वाटणीत लोकसंख्येला वजन ९० टक्के होतं, क्षेत्रफळाला १० टक्के, आणि लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची. तुझ्या गावाची त्यानंतर हद्दवाढ झाली असेल, तर सामावून घेतलेल्या वाड्यावस्त्यांची माणसं अनुदानाच्या हिशेबात आली आहेत का, हे पहिल्या महिन्यात तपास. रस्ते, दिवे आणि कचरागाडी त्या वस्त्यांना द्यावीच लागते. त्यांची माणसं मात्र कागदावर अजून ग्रामपंचायतीतच राहिलेली असू शकतात.

आता योजना. इथे जरा सावकाश सांगतो.

३ डिसेंबर २००५ ला जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झालं. आपल्या राज्यातली मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि नांदेड ही पाच शहरं त्यात होती. आपल्यासारख्या लहान गावांसाठी वेगळी भावंडयोजना होती, तिची वाटणी ८०, १०, १०. केंद्र ८०, राज्य १०, आपण १०. सगळ्यांना वाटलं, नव्वद टक्के फुकट. ते टक्के कशाचे हे कुणी नीट वाचलं नाही. टक्के मंजूर किमतीचे असतात, प्रत्यक्ष खर्चाचे नसतात. अमृत २.० मध्येही हाच नियम. २०२१ च्या १ ऑक्टोबरला ती योजना सुरू झाली तेव्हा एक लाखाखालच्या गावांना केंद्राचा वाटा निम्मा, एक ते दहा लाखांच्या शहरांना एक तृतीयांश, त्यावरच्यांना पाव, असं ठरलं. समज, तुझी पाणीयोजना ४० कोटींना मंजूर झाली. केंद्राचे २० कोटी. जागेचा वाद, रेल्वे क्रॉसिंगची परवानगी, दरसूची बदलली, असं करत खर्च ५२ कोटींवर गेला. केंद्राचे तरी २० कोटीच. वरच्या १२ कोटींची वाटणी करायला दिल्ली येत नाही. राज्याने उदार मनाने काही दिलं तर दिलं, नाहीतर ते नगरपरिषदेच्या गळ्यात. दहा टक्के स्वहिस्सा म्हणता म्हणता तो तीसवर जातो तो असा.

म्हणून सविस्तर प्रकल्प अहवाल वर पाठवण्याआधी चार गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघ. टाकी, जलशुद्धीकरण केंद्र आणि पंपघर यांच्या जागेचा सातबारा नगरपरिषदेच्या नावावर आहे का? 'संबंधित शेतकरी तयार आहेत' हे वाक्य अहवालात दिसलं की तांबड्या शाईने खूण कर. शेतकरी तयार असतो तो भाव ठरेपर्यंत. धरणातल्या पाण्याचं आरक्षण मंजूर आहे का? राष्ट्रीय महामार्ग आणि रेल्वे ओलांडायच्या परवान्यांचे अर्ज गेलेत का, त्यांचं शुल्क अंदाजपत्रकात आहे का? आणि महावितरणची स्वतंत्र वाहिनी कोण टाकणार, कुणाच्या पैशाने? ही चार उत्तरं नसताना मंजूर झालेली योजना मी नेहमी उशिरा पूर्ण होताना पाहिली.

सल्लागाराबद्दल एक शब्द. त्याची फी बहुतेक वेळा प्रकल्पाच्या किमतीवर टक्क्यांनी ठरते. किंमत कमी करून त्याचा काय फायदा? म्हणून तो तीस वर्षांनंतरची लोकसंख्या जरा सढळ हाताने लिहितो. गावातली शाळांची पटसंख्या आणि नव्या बांधकाम परवानग्या मागवून त्याच्या आकड्याशी ताडून बघ. अहवाल शेवटपर्यंत वाच. मध्येच कुठेतरी दुसऱ्याच तालुक्याचं नाव, दुसऱ्याच नदीचं नाव तसंच राहिलेलं सापडेल. मला सापडलं आहे, आणि एकदा नव्हे.

पैसा हप्त्यांनी येतो. अमृतमध्ये २०, ४०, ४०. दुसरा हप्ता हवा तर पहिल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र लागतं, त्रयस्थ संस्थेचा तपासणी अहवाल लागतो. उपयोगिता प्रमाणपत्र हा आपल्या धंद्यातला सगळ्यात खोटा आणि म्हणूनच सगळ्यात धोकादायक कागद. वरून फोन येतो, 'आज संध्याकाळपर्यंत यूसी पाठवा, नाहीतर जिल्ह्याचा निधी अडेल.' मग ठेकेदाराला दिलेला अग्रिम खर्चात धरला जातो, वीज कंपनीकडे भरलेली ठेव खर्चात धरली जाते, दुसऱ्या यंत्रणेकडे वर्ग केलेली रक्कमही खर्चात जाते. यातलं काहीच खर्च नाही. पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला, काम झालेलं नाही. खर्च म्हणजे मोजमाप पुस्तिकेत नोंद झालेलं काम आणि त्याचं पारित झालेलं देयक. सही करण्यापूर्वी लेखापालाकडून कॅशबुकाचं पान आणि मोजमाप पुस्तिकेचा क्रमांक प्रमाणपत्राच्या मसुद्यावर पेन्सिलीने लिहून घे. लेखापरीक्षण येतं तेव्हा फोन करणारे साहेब बदलून गेलेले असतात. कागदावर सही तुझी असते.

व्याजही आपलं नसतं. पूर्वी योजनेची रक्कम कुठल्या बँकेत ठेवायची यावरून गावात राजकारण होई. दिवाळीला बँकांचे व्यवस्थापक मिठाई घेऊन मुख्याधिकाऱ्यांच्या घरी जात, आणि व्याजातून रंगरंगोटी, फर्निचर असं काहीबाही होई. जुलै २०२१ पासून केंद्राने एकल नोडल यंत्रणेची पद्धत आणली. योजनेचा पैसा राज्यस्तरावरच्या एकाच खात्यात, आणि आपल्याला शून्य शिल्लकीचं खातं. देयक टाकलं की तेवढाच पैसा निघतो. मिठाई बंद झाली, ठीकच झालं. पण यात एक गंमत आहे. जुन्या बंद पडलेल्या योजनांच्या खात्यांत अजून रकमा पडून असतात. कुणी हात लावत नाही, कारण त्यांचं काय करायचं ते कुणाला ठाऊक नसतं. असं खातं सापडलं तर हात लावू नकोस, लपवूही नकोस. मुद्दल आणि व्याजाचा तक्ता करून लेखी मार्गदर्शन माग आणि पत्राची पोच फायलीला लाव.

मार्चएंडबद्दल तुला काय सांगणार? निधी व्यपगत होण्याची भीती दाखवून २९ मार्चला कशावरही सही घेता येते, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या आठवड्यात नवीन कामाची एकही फाईल घ्यायची नाही, फक्त झालेल्या कामांची देयकं काढायची.

आता मूळ गोष्ट. वर सांगितलेलं सगळं चुकलं तरी निभावेल, हे चुकलं तर गाव वीस वर्षं फेडत बसेल. केंद्राचा पैसा बांधायला मिळतो, चालवायला जवळपास मिळत नाही. हत्ती बक्षीस मिळतो, चारा आपला. टाकीवर फलक दिल्लीचा असतो आणि पंपाचं वीजबिल नगरपरिषदेच्या नावाने येतं. त्यात तुरटी, ब्लीचिंग पावडर, पंप ऑपरेटर, व्हॉल्व्हमन, गळती दुरुस्ती, पंप जळाला की त्याचं रिवाइंडिंग. सविस्तर प्रकल्प अहवालात देखभाल-दुरुस्तीचं एक प्रकरण असतं, बहुतेक शेवटून दुसरं. ते आधी वाच.

हिशेब साधा कर. समज, गावात १२,००० नळजोडण्या आहेत आणि नवी योजना चालवायला वर्षाला ४ कोटी २० लाख लागणार. म्हणजे जोडणीमागे ३,५०० रुपये. आज पाणीपट्टी १,५०० असेल तर दर जोडणीमागे २,००० ची तूट, वर्षाला २ कोटी ४० लाख. तीही सगळे पैसे भरतात असं धरून, आणि सगळे भरत नाहीत. हे २ कोटी ४० लाख कुठून येतील, याचं उत्तर योजना मागायच्या ठरावातच लिहून घे. पाणीपट्टी टप्प्याटप्प्याने किती वाढवणार, कुठल्या वर्षी, हे त्याच ठरावात. दोन ठराव वेगळे केलेस तर पहिला टाळ्यांनी मंजूर होतो आणि दुसरा तहकूब होतो, कायमचा. नगराध्यक्ष म्हणतील, मॅडम, आधी पाणी तर येऊ द्या. नम्रपणे सांग, पाणी आल्यावर दर वाढवता येत नाही हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

मलनिस्सारणाचं तर याहून बिकट. सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभं राहतं, मुख्य वाहिनी पडते, पण घरातून चेंबरपर्यंतची जोडणी कुणी करायची? ती योजनेत असतेच असं नाही, आणि घरमालक हजारो रुपये घालून फरशी फोडायला तयार नसतो. त्याचा शोषखड्डा चालू आहे, त्याला काय घाई? मग केंद्र पाव क्षमतेने चालतं आणि वीजबिल मात्र पुऱ्या पंपांचं येतं. घरजोडणीचा खर्च अंदाजपत्रकात धरला नसेल तर अहवाल परत पाठव. आणि प्रक्रिया केलेल्या पाण्याला गिऱ्हाईक आधी शोध. नागपूर महापालिकेने भांडेवाडीचं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रासाठी देण्याची व्यवस्था केली. त्या कामात केंद्राच्या अभियानाचाही पैसा होता, आणि महापालिकेला त्या पाण्याचे पैसे मिळतात. तुझ्याकडे वीज केंद्र नसेल. एमआयडीसी असेल, रेल्वे असेल, ऊसवाले असतील. विचारायला काय हरकत?

चार-सहा वर्षांत तू महापालिकेत उपायुक्त म्हणून जाशील, आणि नव्या उपायुक्ताच्या गळ्यात परिवहन पडतं असा अनुभव आहे. म्हणून बसचंही आत्ताच सांगून ठेवतो.

२००९ च्या जानेवारीत मंदीवर उतारा म्हणून केंद्राने शहरांना बस घ्यायला पैसे दिले. देशभरात १५,२६० बस मंजूर झाल्या. विचार वाईट नव्हता. लाल-निळ्या खटारा गाड्यांच्या जागी पहिल्यांदाच शहरांना नीट, खालच्या पायरीच्या बस दिसल्या. पण पैसा बस घेण्यापुरता. डिझेल, चालक, वाहक, सुटे भाग, टायर सगळं शहराचं. ज्यांच्याकडे मुळात परिवहनाचा पैसा नव्हता त्यांच्या आगारात काही वर्षांतच बस उभ्या राहिल्या, आणि एका बसचे भाग काढून दुसरीला लावणं सुरू झालं.

२०२३ च्या ऑगस्टमधल्या पीएम ई-बस सेवेत दिल्लीने काही धडा घेतलेला दिसतो. ही गोष्ट मोकळ्या मनाने मान्य करायला हवी. १०,००० विजेवरच्या बस, केंद्राचे २०,००० कोटी, आणि पैसा बस घ्यायला नाही तर चालवायला, किलोमीटरमागे: बारा मीटरच्या बसला २४ रुपये, नऊ मीटरच्या बसला २२, सात मीटरच्या बसला २०, जास्तीत जास्त १० वर्षं. बस ठेकेदाराची, चालक त्याचा, तिकिटाचा पैसा आपला, आणि त्याला किलोमीटरप्रमाणे भाडं द्यायचं. ठेकेदाराचे पैसे थकू नयेत म्हणून राज्याच्या खात्यातून थेट वजावट करण्याची तजवीजही ठेवली आहे. ती वाचलीस की समजेल, शहराने पैसे थकवले तर राज्याचे कापले जातील, आणि राज्य ते कुणाकडून वसूल करेल हे मी सांगायला नको.

इथेही कागद-पेन घे. समज, नऊ मीटरच्या ५० बस, रोज प्रत्येकी १८० किलोमीटर. वर्षाला ३२ लाख ८५ हजार किलोमीटर. ठेकेदाराचा दर ५८ रुपये. केंद्राचे २२ गेले, उरले ३६. तिकिटातून किलोमीटरला २५ मिळाले तर तूट ११ रुपये, वर्षाला ३ कोटी ६१ लाख. हे महापालिकेला झेपेल. आता अकरावं वर्ष. केंद्राचे २२ बंद. तूट ३३ रुपये, वर्षाला १० कोटी ८४ लाख, तेही दर वाढले नाहीत असं धरून. हा तक्ता निविदा उघडण्याआधी स्थायी समितीपुढे ठेव, नंतर नाही. आणि करारात हमीचे किलोमीटर किती ते बघ. रस्ते खोदले म्हणून बस फिरली नाही तरी हमीच्या किलोमीटरचे पैसे द्यावे लागतात. म्हणजे मलनिस्सारणवाल्यांनी कुठला रस्ता कधी खोदायचा यावरही परिवहनाचा खर्च ठरतो. या दोन विभागांच्या अधिकाऱ्यांना महिन्यातून एकदा एकाच टेबलाशी बसव. आपल्याकडे ते एकमेकांना लग्नकार्यातच भेटतात.

बससाठी वेगळी मार्गिका करायची असेल तर पुण्याकडे नीट बघ. कात्रज-स्वारगेट-हडपसर हा तिथला पहिला प्रयोग २००६ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. २०१५ मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडीची मार्गिका आली. नगर रस्त्यावरच्या मार्गिकेचा काही भाग पुढे उखडलाही गेला. माझं मत विचारशील तर मार्गिका चुकीची नव्हती. तिच्यात दुचाकी घुसू नये म्हणून उभा राहणारा माणूस कुणाच्या पगारावर, हे ठरलेलं नव्हतं.

मेट्रोबद्दल मी फार बोलणार नाही, तुझ्या वाट्याला ती येणं कठीण. एवढंच ध्यानात ठेव, की अर्थसंकल्पी भाषणातला आकडा म्हणजे काम नव्हे. १ फेब्रुवारी २०२१ च्या भाषणात नाशिकच्या टायरवरच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले होते. गावात फटाके वाजले. नाशिककर अजून रिक्षानेच फिरतात. जाहीर, मंजूर, वितरित आणि जमा हे चार वेगळे शब्द आहेत. नगराध्यक्षांचं प्रसिद्धीपत्रक तुझ्याकडे तपासायला आलं तर त्यातला नेमका शब्द कुठला ते बघ.

स्मार्ट सिटीचा प्रकारही असाच. केंद्राचे शहरामागे ५०० कोटी, तेवढेच राज्य आणि महापालिकेचे, आणि खर्चायला वेगळी कंपनी. आपल्याकडच्या पुणे आणि सोलापूरचा पहिल्याच यादीत नंबर लागला होता. ३१ मार्च २०२५ ला ते अभियान संपलं. कॅमेरे, नियंत्रण कक्ष, ट्रॅफिक सिग्नल सगळं राहिलं, आणि त्यांचे देखभाल करार महापालिकेच्या अंदाजपत्रकात आले. अशा ठिकाणी बदली झाली तर मालमत्तेची यादी आणि प्रत्येक वस्तूच्या हमीची शेवटची तारीख आधी माग.

वारं कुठून वाहतंय तेही सांगतो. अनुदानाचा वाटा कमी होत चाललाय. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एक लाख कोटींचा अर्बन चॅलेंज फंड आला. त्यात केंद्र प्रकल्पाच्या २५ टक्क्यांपर्यंत देणार, आणि निदान ५० टक्के शहराने रोखे, बँक कर्ज किंवा खाजगी भागीदारीतून उभे करायचे. पुणे महापालिकेने २०१७ च्या जूनमध्ये चोवीस तास पाणीपुरवठ्यासाठी ७.५९ टक्क्यांनी २०० कोटींचे रोखे काढले. पण पुण्याचे हिशेब बाजाराला दाखवण्यासारखे होते. आपल्या नगरपरिषदांची जकात १९९९ साली गेली, आणि तेव्हापासून पगाराच्या तारखेला मंत्रालयाकडून येणाऱ्या सहायक अनुदानाकडे डोळे लावायची सवय लागली. बँक असल्या गावाला कर्ज देत नाही. दुहेरी नोंद पद्धतीचा ताळेबंद तुझ्याकडे कुणीतरी बाहेरचा सनदी लेखापाल वर्षातून एकदा घाईने करून देत असेल. तो आपल्याच लेखापालाकडून दर महिन्याला करून घेता आला तर बघ. त्यासाठी त्याच्याकडची सभेच्या चहापाण्याची आणि व्हीआयपी दौऱ्याची कामं काढून घ्यावी लागतील. ती कुणाला द्यायची हा प्रश्न उरतोच. आस्थापना विभागात तशी माणसं असतात, विचारून बघ.

सोमवारी कार्यालयात गेलीस की पहिल्यांदा तीन कागद माग: सगळ्या बँक खात्यांची यादी, शिल्लक आणि खातं कुठल्या योजनेचं त्याच्यासह, चालू कामांचा तक्ता, कार्यारंभ आदेशाची तारीख, मुदत आणि उरलेलं दायित्व यांसह, आणि प्रलंबित उपयोगिता प्रमाणपत्रांची यादी. दोन दिवसांत मिळाले तर तुझा लेखापाल चांगला आहे, त्याला जप. 'करतो मॅडम' म्हणत आठवडा गेला तर स्वतः त्याच्या टेबलाशी जाऊन बस आणि एकेक खातं उघडून बघ. पहिल्या दिवशी अर्धा तास लागेल, नंतर कमी. त्या तक्त्याची एक प्रत सही-शिक्क्यासह स्वतःजवळ ठेव. तीन वर्षांनी बदली होईल तेव्हा कार्यभार यादीला तीच जोडायची आहे, आजच्या तारखेच्या आकड्यांच्या शेजारी त्या दिवशीचे आकडे मांडून.

मामा